सातव्या प्रसंगाचं उत्तर

४ फेब्रुवारी

दोनदा,

बारा वर्षांनी पत्र आलं म्हणजे काहीतरी मागायचं असणार, असं तुझ्या मनात येईल. बरोबर आहे. एक तांत्रिक माहिती हवी आहे, ती शेवटी विचारतो. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकून तू तो ठेवून देशील आणि मग तुझी ताई दोन दिवस माझ्याकडे नुसती बघत बसेल. त्यापेक्षा पत्र बरं.

मी सध्या काय करतो ते ताईनं तुला सांगितलं असेलच. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जे मॅनेजर म्हणून जातात त्यांची परीक्षा घेतो. कारभाराची नाही, संकटाची. आग लागली, गॅस फुटला, हेलिकॉप्टर डेकवर आपटलं, तर हा माणूस बाकीच्यांचे जीव सांभाळेल की नाही, हे मी तीन दिवसांत ठरवतो. त्यासाठी एका खोलीत हुबेहूब कंट्रोल रूम उभारली आहे. मधे काच. काचेच्या या बाजूला मी, माझा फॉर्म, स्टॉपवॉच आणि आवाजाच्या बाई. या बाई पूर्वी हेलिकॉप्टरच्या वायरलेसवर होत्या. आता उमेदवाराच्या फोनवर आणि वायरलेसवर जो कुणी बोलतो तो त्याच असतात: बोटीचा कप्तान, किनाऱ्यावरचं ऑफिस, भाजलेला वेल्डर. हे सगळं त्या स्वेटर विणता विणता करतात आणि एक टाका चुकत नाही.

परीक्षकानं चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, असा नियम आहे. तुझी ताई म्हणते, मला त्याचं वेगळं प्रशिक्षण लागलं नसेल.

एक गंमत सांगतो. नवा असो, जुना असो, पहिली गोष्ट सगळे एकच करतात. भोंगा सुरू झाला की खुर्चीत टेकायच्या आधी डावा हात बटणाकडे जातो आणि कंट्रोल रूममधला भोंगा बंद होतो. बाहेर डेकवर तो वाजतच राहतो, आत शांतता. त्याशिवाय डोकं चालत नाही. हे कुणी शिकवत नाही आणि त्याला गुणही नाहीत.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे एकूण नऊ प्रसंग आहेत. सातवा असा: कॉम्प्रेसरच्या खोलीत गॅसगळती. चौसष्ट माणसं लाइफबोटींपाशी जमतात. येताना प्रत्येकानं आपला बिल्ला फळ्यावरच्या हुकाला अडकवायचा असतो. उपप्रमुख बिल्ले मोजतो आणि फोन करतो: त्रेसष्ट. इलेक्ट्रिशियन सापडत नाही. प्रमुखानं काय करायचं?

तुला ओळख पटली असेल. प्रसंग आपलाच आहे, मीच लिहून दिला. आपल्याकडे प्रमुख मी होतो, उपप्रमुख तू. मी फिटर आणि वेल्डर अशा दोघांना शोधायला आत पाठवलं. नवव्या मिनिटाला स्फोट झाला. वेल्डर हात भाजून बाहेर आला, फिटर आलाच नाही. आणि इलेक्ट्रिशियन दोन नंबरच्या बोटीपाशी धडधाकट उभा होता. त्यानं घाईत आपला बिल्ला दुसऱ्याच्या हुकावर, त्याच्या बिल्ल्यामागे अडकवला होता.

तुझं म्हणणं, तू फोनवर मला थांबायला सांगितलंस. माझं म्हणणं, भोंग्याच्या आवाजात मला फक्त आकडा ऐकू आला. चौकशी समितीनं माझं धरलं आणि मोजणीतली चूक तुझ्या नावावर लिहिली. त्यावर मला नव्यानं काही म्हणायचं नाही.

मला हवं आहे ते एवढंच. तुझा तो फोन आणि इलेक्ट्रिशियन सापडणं, यात नक्की किती मिनिटं गेली? अहवालात ‘थोड्या वेळाने’ एवढंच आहे. सातव्या प्रसंगाच्या आदर्श उत्तरावर मला मार्चच्या मध्यापर्यंत पुन्हा सही करायची आहे, म्हणजे ते आणखी पाच वर्षं चालेल. आकडे नीट असलेले बरे.

ताईकडून कळलं की तू आता पोहण्याच्या तलावावर देखरेखीला असतोस, आणि संध्याकाळी तलाव बंद करताना सगळ्यांना दोनदा मोजून बाहेर काढतोस. प्लॅटफॉर्मवर तुला हे नाव पडलं ते उगीच नाही. आमच्याकडे जेवायला आलास की गॅस बंद आहे का ते बघायला पानावरून दोनदा उठायचास. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

कामावर साहेब, घरी दाजी, हा नियम मीच घातला होता. पत्रात काय चालतं ते तू ठरव.

— दाजी


२३ फेब्रुवारी

दोनदा,

तुझं उत्तर नाही. घाई नाही, पण सहीची तारीख जवळ आली आहे.

या आठवड्यात एक उमेदवार आल्या होत्या. वय चाळिशीच्या आतबाहेर, बारा-तेरा वर्षं समुद्रावर काढलेली, बोलणं मोजकं. यापूर्वी दोनदा नापास झाल्या आहेत आणि दोन्ही वेळा मीच केलं आहे. ‘निर्णय घेण्यास विलंब’ असा शेरा मारला होता. तिसरी खेप शेवटची असते. तिच्यात नापास झाला की तो माणूस प्रमुख म्हणून पुन्हा कधी समुद्रावर जात नाही. ऑफिसात टेबल मिळतं, चहा मिळतो.

त्यांना सातवा प्रसंग आला. चिठ्ठ्या टाकून ठरतं, मी ठरवत नाही.

आदर्श उत्तर तुला माहीत नाही म्हणून सांगतो. मोजणी ही उपप्रमुखाची जबाबदारी. प्रमुखानं मिळालेल्या आकड्यावर विसंबून दीड मिनिटाच्या आत शोधपथक पाठवायचं. आकड्यावर घोळ घालत बसला तर नापास. पुढे प्रोग्रॅम आपोआप चालतो. नवव्या मिनिटाला स्फोट, दोघांतला एक जातो, आणि पुढच्या अर्ध्या तासात प्रमुख स्वतःला कसा सावरतो त्याचे गुण. नऊ वर्षांत दीडशेच्या आसपास लोकांनी पथक पाठवलं. मी त्यांना गुण दिले. फिटर दर वेळी गेला. आत शिरण्यापूर्वी तो वायरलेसवर एकच वाक्य बोलतो: ‘आत जातोय.’ बाई ते वाक्य चांगलं म्हणतात.

तर भोंगा झाला. बाईंचा हात बटणाकडे गेला, आत शांतता. (उमेदवार बाई म्हणतोय मी. आवाजाच्या बाई माझ्या शेजारी होत्या.) फोन आला: त्रेसष्ट, इलेक्ट्रिशियन नाही. उमेदवार म्हणाल्या, “बिल्ले सोडा. नावं वाचा, हात वर करायला सांगा आणि तोंडं बघून मोजा. दोन्ही बोटींपाशी. तोवर कुणी आत जाणार नाही.”

आमच्या बाईंची सुई थांबली. त्यांच्यापुढच्या कागदावर याला उत्तरच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मग त्यांनीच ठरवलं. फोन उचलून एकेक नाव वाचायला सुरुवात केली, चौसष्टच्या चौसष्ट, त्यांना पाठ होती. आणि इलेक्ट्रिशियनच्या नावाशी आल्यावर आवाज बदलून म्हणाल्या, “मी इथंच आहे. दोन नंबरपाशी.”

एक मिनिट पन्नास सेकंद लागले.

प्रोग्रॅमला यातलं काही कळत नाही. नवव्या मिनिटाला स्फोट झालाच. पडद्यावर कॉम्प्रेसरची खोली पेटली. आत कुणी नव्हतं. उमेदवारांनी वेळ टिपून घेतली आणि बोटी उतरवायच्या की नाहीत याची तयारी सुरू केली.

माझ्यासमोर फॉर्म होता. दीड मिनिटाहून वीस सेकंद जास्त. मी ‘नापास’च्या चौकोनात खूण केली. पेन्सिलीनं. शाईनं करायची मुदत तीन आठवडे असते.

नंतर चर्चेला बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, “सर, एक शंका आहे. हा प्रसंग खरा घडलेला आहे ना? मी अहवाल वाचलाय. त्यात प्रमुख म्हणतात की भोंग्यामुळे त्यांना फोनवरचं नीट ऐकू आलं नाही.”

“बरं.”

“पण आतला भोंगा आपण आधीच बंद करतो ना? मी दोन्ही वेळा नापास झाले तेव्हासुद्धा तेवढं तरी केलंच होतं.”

मी म्हटलं, “चर्चेची वेळ संपली.”

तो प्रमुख म्हणजे मी, हे त्यांना माहीत होतं का, मला सांगता येणार नाही. समितीत एक न्यायाधीश होते, एक विम्याचा माणूस, एक प्राध्यापक. त्यांच्यातलं कुणीच त्या खुर्चीत कधी बसलेलं नव्हतं, त्यामुळे हा प्रश्न कुणाला सुचला नाही. तुलाही सुचला नाही, कारण तू बाहेर डेकवर होतास, आणि तिथं भोंगा वाजत होता.

मिनिटांचं तेवढं कळव.

— दाजी


११ मार्च

दोनदा,

तुझ्या ताईनं आज पाकिटावरचा पत्ता पाहिला आणि म्हणाली, “त्यानं घर बदलून चार वर्षं झाली.” म्हणजे माझी आधीची दोन्ही पत्रं जुन्या घरी. तिनं तुझ्या जुन्या शेजारणीला फोन केला. पत्रं तिच्याकडे आहेत, तुला पोचवते म्हणाली. तीन पत्रं एकदमच वाचशील.  पत्र कशाबद्दल आहे ते ताईनं विचारलं नाही. बारा वर्षं ती दरवर्षी आठवडाभर तुझ्याकडे येऊन राहते आणि परत आली की ‘बरा आहे’ एवढंच सांगते. मी त्याहून जास्त विचारलेलंही नाही.

काल सकाळी केंद्रात कुणी उमेदवार नव्हता. मी बाईंना म्हटलं, एक चाचणी घ्यायची आहे. भोंग्यात फोनवरचं बोलणं ऐकू येतं की नाही ते एकदा तपासून टाकू, अहवालाला पुरवणी जोडता येईल. त्यांना एका कागदावर वाक्य लिहून दिलं आणि मी काचेच्या पलीकडे जाऊन बसलो. उमेदवाराच्या खुर्चीत नऊ वर्षांत पहिल्यांदाच. ती आपल्या प्लॅटफॉर्मवरच्या खुर्चीपेक्षा जरा ठेंगणी आहे.

बाईंनी भोंगा लावला, पूर्ण आवाजात. फोन वाजला. मी उचलला. कानाला नुसती गुरगुर लागली, शब्द एकही नाही. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. ऐकू येत नाही म्हणजे नाही. इतकी वर्षं मी खोटं बोललो नव्हतो, असं वाटलं. ते पाच-सात सेकंद टिकलं असेल.

मग बाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला: “दाजी, कुणाला पाठवू नका, मी पुन्हा मोजतो.”

मला वाटलं त्यांनीच भोंगा बंद केला. मी काचेकडे बघून म्हटलं, “मधेच का थांबवलात?”

त्या म्हणाल्या, “मी हात नाही लावला, सर. तुम्ही केलात.”

माझा डावा हात बटणावर होता.

“पुन्हा घ्यायची का?” त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. बाहेर आलो तर कागद त्यांच्या हातातच होता. म्हणाल्या, “सर, इथं ‘दाजी’ लिहिलंय. अहवालात ‘साहेब’ आहे. मला अहवाल तोंडपाठ आहे म्हणून विचारलं.”

मी म्हटलं, “चुकून लिहिलं असेल.” त्यांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला आणि विणायला घेतलं. 

हे तुला का कळवतोय ते माझं मलाही नीट सांगता येत नाही. मिनिटांचा आकडा आता नको. एक मिनिट पन्नास सेकंद पुरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

  तीन दिवसांनी फॉर्म शाईनं भरायचा आहे.

— दाजी


१६ मार्च

दोनदा,

हे पत्र जरा नीट लिहितो. कच्चं आधी करून घेतलं आहे.

परवा फॉर्म भरला. उमेदवार पास. आदर्श उत्तरावर सही केली नाही. संचालकांना लेखी दिलं की सातव्या प्रसंगाचं उत्तर चुकीचं आहे, ते मी स्वतःला वाचवण्यासाठी लिहिलं होतं, आणि ज्यांना मी त्यात नापास केलं त्या अकरा जणांना पुन्हा संधी द्यावी. संचालकांनी दोन वेळा वाचलं. म्हणाले, “हे असंच पाठवायचं का? भाषा थोडी सौम्य करता येईल.” मी म्हटलं, असंच पाठवा. परीक्षक म्हणून माझं काम त्याच दुपारी संपलं. आवाजाच्या बाई दारापर्यंत आल्या. त्यांचा तो स्वेटर माझ्या मापाचा असेल असं मला उगीच वाटत होतं, तो त्यांच्या जावयाचा निघाला.

चौकशी समिती आता नाही, पण तिचं कार्यालय आहे. तिथं प्रतिज्ञापत्र दिलं. प्रत सोबत ठेवली आहे. मोजणी चुकवली म्हणून तुझ्यावर जो ठपका होता तो त्यात खोडून मागितला आहे. वर्ष लागेल म्हणतात.

तुझ्या ताईला काल सांगितलं. स्वयंपाकघरात, ती भांडी पुसत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?” मी हो म्हटलं. तिनं उरलेली भांडी पुसली, कपाटात लावली आणि बॅग भरायला गेली. गुरुवारी तुझ्याकडे येतेय. परत कधी येणार ते मी विचारलं नाही. तो प्रश्न विचारायचा हक्क मला आहे असं वाटलं नाही.

मंगळवारी मी फिटरच्या बायकोकडे जाणार आहे. तिला तुझं नाव माहीत आहे. मोजणी चुकवून तिच्या नवऱ्याला मारणारा म्हणून माहीत आहे. माझ्याबद्दल ती आदरानं बोलते, दरवर्षी खुशालीचं कार्ड पाठवते. बारा कार्डं आहेत. ती बरोबर नेऊन परत करणार होतो, पण ते नाटक झालं असतं. नुसताच जातो.

आता तुला सांगायचं राहिलं आहे ते. प्रतिज्ञापत्रात हे नाही, कारण ते फक्त तुझं आहे.

तू फोनवर म्हणालास ते मी का मानलं नाही? घाबरलो होतो म्हणून नाही. घाबरलो असतो तर बरं झालं असतं, घाबरलेल्याला लोक माफ करतात. मला तुझा कंटाळा आला होता. फोनवर मला उपप्रमुख ऐकू आलाच नाही. ऐकू आला तो पानावरून गॅस बघायला दुसऱ्यांदा उठलेला मेहुणा. मनात आलं, झालं याचं सुरू. आणि मी फोन ठेवला. फिटर त्यापायी गेला. एवढ्याशा गोष्टीपायी माणूस जातो हे कुणाला सांगवत नाही, म्हणून भोंगा पुढे केला. फॉर्ममध्ये ‘कंटाळा’ असा रकाना नाही. मी फॉर्म तयार केला तेव्हा तो ठेवला नाही.

तू नंतर वाद घातला नाहीस. वर अपील करता आलं असतं. ताईचा संसार मोडू नये म्हणून गप्प बसलास, हे मला तेव्हाही कळत होतं. मी त्याचा फायदा घेतला. मला याची लाज वाटते. आधीच्या पत्रांत मी तुझ्याकडे मिनिटं मागत होतो, त्याचीही वाटते.

समितीपुढे तू एका ठिकाणी खोटं बोललास. एकाच. तू सांगितलंस की तू मला म्हणालास, ‘साहेब, कुणाला पाठवू नका.’ बाहेरच्या माणसांपुढे नातं काढायला नको, म्हणून तू तो एक शब्द बदललास. कामावर तू मला सहा वर्षांत कधी दाजी म्हणाला नव्हतास, माझा नियम होता. त्या दिवशी एकदाच म्हणालास. हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नाही. फोनवर आपण दोघंच होतो आणि माझं म्हणणं तर असं की मला काही ऐकूच आलं नाही.

बाईंना कागदावर लिहून देताना माझ्या हातून तुझं खरं वाक्य उतरलं. ‘दाजी, कुणाला पाठवू नका, मी पुन्हा मोजतो.’

मला ऐकू आलं होतं. सगळं.

— दाजी